कुपोषित रुग्णाच्या खाटेशी: नागपुरात डाएटेटिक्सची इंटर्नशिप सुरू करणाऱ्यांसाठी

नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत येणारा रुग्ण एकट्या नागपूरचा नसतो. मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळहून माणसं येतात. सीमेपलीकडच्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहूनही येतात. आधी गावचा दवाखाना, मग तालुका, मग जिल्हा रुग्णालय असं करत ती इथे पोचलेली असतात, आणि त्या सगळ्या दिवसांत धड जेवण कोणाला सुचलेलं नसतं. केस पेपरवर निदान लिहिलेलं असतं क्षयाचं, लिव्हर सिरॉसिसचं, सिकलसेलचं, तोंडाच्या कॅन्सरचं. कुपोषण हा शब्द त्यावर फार क्वचित दिसतो. त्या निदानाखाली दडलेली उपासमार शोधणं हे तुमचं पहिलं काम, आणि रोज रुग्णाच्या पोटात खरोखर किती गेलं हे जाणून घेणं हे रोजचं. मी इथल्याच एका रुग्णालयात इंटर्नशिप करून आता आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. नवीन मुली-मुलं वॉर्डात आली की जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

वॉर्डात शिरण्याआधी

न ताणणारी मोजपट्टी, कॅल्क्युलेटर, खिशात मावेल अशी वही आणि किचनमधली एक वाटी, एवढं जवळ ठेवा. वाटी यासाठी, की त्या वाटीत पाणी ओतून ती किती मिलिलिटरची आहे हे एकदा मोजलं की पुढचे सगळे हिशेब त्यावर चालतात. गेल्या गेल्या इन्चार्ज सिस्टरांना भेटा, कोण आहात ते सांगा, औषधांच्या आणि जेवणाच्या वेळा विचारून घ्या. मावशी आणि मामा यांच्याशी ओळख करून घ्या. कोणत्या खाटेवरचं ताट परत जातं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

माप घ्या, आणि मापावर लगेच विश्वास ठेवू नका

वजनकाटा शून्यावर आहे का ते बघून मगच रुग्णाला उभं करा. चप्पल, शाल, खिशातला मोबाइल बाजूला. पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काट्यावरचा आकडा फसवा असतो. सिरॉसिसचा रुग्ण ५५ किलो दाखवेल आणि त्यातले कित्येक किलो नुसतं पाणी असेल. अशा वेळी दंडाचा घेर घ्या. प्रौढाच्या दंडाचा घेर २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २०च्या खाली असण्याची दाट शक्यता असते. उठता येत नसेल त्याचं वजन सांगण्याच्या फंदात न पडता दंडाचा घेर लिहा आणि दर आठवड्याला त्याच हाताचा, त्याच जागी परत घ्या.

आधीचं वजन किती होतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मग कपड्यांवरून विचारा. बांगड्या ढिल्या झाल्या का? पोलकं सैल झालं का? पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं का? यातून उत्तर हमखास मिळतं. आकडा मिळाला तर हिशेब मांडा: सहा महिन्यांपूर्वी ५२ किलो, आज ४४, म्हणजे वजनात १५ टक्क्यांची घट. उंची १६० सेंटिमीटर असेल तर बीएमआय १७.२. कुपोषणाचा धोका गुणांत मोजणाऱ्या ‘मस्ट’ तपासणीत दहा टक्क्यांवरच्या घटीला २ गुण, १८.५च्या खालच्या बीएमआयला २ गुण. एकूण २ किंवा जास्त झाले की रुग्ण जास्त धोक्याचा. हा रुग्ण चारवर आहे.

मग डोळ्यांनी बघा. कानशिलं खोल गेलीत का, गळपट्टीचं हाड वर आलंय का, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला स्नायू सपाट झालाय का, मांडी पातळ पडलीय का. घोट्यावर अंगठा दाबून खळगा राहतो का ते पाहा. आणि तोंड उघडायला सांगा. आपल्या विदर्भात हे विसरून चालणारच नाही. वर्षानुवर्षं खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाल्लेल्या माणसाचं तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही, तिखटाचा कण लागला तरी आग होते. त्याला तुम्ही पोळी-भाजीचा उत्तम तक्ता दिलात तरी तो जेवणार कसा?

एक गोष्ट आग्रहाने सांगते. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन कमी आलं म्हणून ‘प्रोटीन कमी आहे, वाढवा’ असं लिहू नका. जंतुसंसर्ग, सूज, लिव्हरचा आजार यांत अल्ब्युमिन आपोआप उतरतं. ते रुग्ण किती आजारी आहे हे सांगतं, किती जेवला हे सांगत नाही. वरिष्ठांपैकी काहीजण अजूनही त्याकडे बोट दाखवतील. आदराने ऐका, पण वजनातली घट, स्नायू आणि खाणं यांचा पुरावा समोर ठेवा.

‘जेवलात का?’ हा प्रश्न सोडून द्या

या प्रश्नाला सगळे ‘हो जी’ म्हणतात. डॉक्टरांसारखा पांढरा कोट घातलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायचा संकोच असतो. त्याऐवजी कालची सकाळ धरा. उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं? चहा कशात, कपात की बशीत? सोबत काही होतं? भात किती, आणि त्यातला ताटात किती राहिला? डबा कोणी आणला? बोलताना त्यांचे शब्द वापरा: भाकर, आलू, सांबार (कोथिंबीर), चून (पिठलं), फल्लीदाणे. शेंगदाण्यांना फल्लीदाणे म्हणणाऱ्या आजींना तुम्ही ‘ग्राउंडनट’ म्हणालात की संवाद तिथेच संपतो. मेळघाटातला कोरकू बोलणारा किंवा गडचिरोलीकडचा गोंडी, माडिया बोलणारा रुग्ण असेल तर सोबतच्या तरुण नातेवाइकाला धरा. तोही नसेल तर शेजारच्या खाटांवर विचारा, कोणीतरी त्या भागातलं निघतंच.

दारूबद्दल नातेवाईक बाजूला गेल्यावर, साध्या आवाजात विचारा. मोहाची, देशी, किती, शेवटची कधी. हे चारित्र्याचं प्रकरण नाही, पुढच्या टप्प्यात थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यायचं की नाही ते यावर ठरतं. उपास-तापासांचंही विचारा. आणि घरात धान्य पुरतं का, हेही. हा प्रश्न विचारायला जड जातो, पण एकदा ओठांवर आला की माणसं मोकळी बोलतात.

घाईने खाऊ घालू नका: रीफीडिंग

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथे सावकाश वाचा.

बरेच दिवस उपाशी राहिलेलं शरीर चरबी आणि स्नायू जाळून जगतं. इन्सुलिन खाली गेलेलं असतं. पेशींच्या आतला फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा साठा आटलेला असतो, पण रक्ताच्या रिपोर्टवर आकडे ठीक दिसू शकतात. अशा माणसाला एकदम भरपूर भात, साखर, ज्यूस दिला की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातली ही क्षारद्रव्यं पेशींच्या आत ओढली जातात. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात, पायावर सूज येते, माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागतो. यालाच रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. हे बहुतेक खाणं सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छावण्यांतून सुटलेले कितीतरी कैदी पोटभर अन्न मिळाल्यावर दगावले, आणि त्यातून वैद्यकशास्त्र हे शिकलं.

धोका कोणाला? बीएमआय १६च्या खाली, तीन ते सहा महिन्यांत वजनात १५ टक्क्यांहून जास्त घट, दहा दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच न खाणं, किंवा खाणं सुरू करण्याआधीच पोटॅशियम-फॉस्फेट-मॅग्नेशियम कमी असणं. यातलं एकही असेल तर धोका आहे. बीएमआय १८.५च्या खाली, १० टक्क्यांहून जास्त घट, पाच दिवसांहून जास्त उपास, दारूचा इतिहास किंवा इन्सुलिन, केमो, अँटासिड, लघवीच्या गोळ्या चालू असणं, यातल्या दोन गोष्टी एकत्र असल्या तरी धोका आहे.

अशा रुग्णाला सुरुवातीला दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त १० किलोकॅलरी, आणि तिथून चार ते सात दिवसांत हळूहळू पूर्ण गरजेपर्यंत. फारच खालावलेल्याला, म्हणजे बीएमआय १४च्या आत किंवा पंधरा दिवसांहून जास्त उपाशी असलेल्याला, ५ पासून. ३८ किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी ३८० किलोकॅलरी, म्हणजे जेमतेम दोन वाट्या वरण-भात आणि छोटा कप दूध. हे बघून तुमचाच जीव कासावीस होईल. होऊ द्या, पण आकडा वाढवू नका. सलाइनही हिशेबात धरा: ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या (ग्लुकोजच्या सलाइनच्या) एका लिटरमधून १७० किलोकॅलरी जातात, त्या कोणी मोजत नाही.

थायमिन खाण्याच्या आधी, डेक्स्ट्रोजच्याही आधी. डोस डॉक्टर ठरवतील. आठवण तुम्ही करून द्या. रेसिडेंट डॉक्टरांना लांबलचक सांगू नका, ते दोन रात्री झोपलेले नसतात. ‘सर, १२ नंबरच्या खाटेला रीफीडिंगचा धोका आहे, बारा दिवस खाल्लेलं नाही, बीएमआय १५. थायमिन सुरू करून फॉस्फेट, मॅग्नेशियम पाठवता का? मी ३८० किलोकॅलरीने सुरुवात करते आहे.’ एवढं पुरे. काही ठिकाणी फॉस्फेटची तपासणी मागितल्याशिवाय होत नाही, म्हणून रोज विचारावं लागतं.

आणि नातेवाइकांशी बोला. त्यांना न सांगता हा तक्ता टिकत नाही. वडील हाडांचा सापळा झालेत, मुलगा बाहेरून समोसे, गोड लस्सी, ग्लुकोजची बिस्किटं घेऊन येतो, कारण प्रेम दाखवायची त्याला तेवढीच वाट दिसते. ‘बाबांचं पोट आणि काळीज दोन्ही दमलेत, पहिले चार दिवस थोडं-थोडं, मग मीच सांगीन काय काय आणायचं’ असं म्हटलं की माणसं ऐकतात. पाचव्या दिवशी आठवणीने जाऊन खरंच सांगा.

लहान मूल असेल तर

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या आत, किंवा उंचीच्या मानाने वजन उणे ३ एसडीच्या (वाढीच्या तक्त्यातल्या प्रमाण विचलनाच्या) खाली, किंवा दोन्ही पायांवर खळगा पडणारी सूज, म्हणजे सॅम, अर्थात अतितीव्र कुपोषण. तुमच्या रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र असेल तर काही दिवस तिथे लावून घ्या, तिथे जे शिकायला मिळतं ते पुस्तकात मिळत नाही.

इथेही तोच नियम. आधी एफ-७५ हे उपचाराचं खास दूध: १०० मिलिलिटरमागे ७५ किलोकॅलरी, प्रोटीन ०.९ ग्रॅम. मूल सावरून भूक परतली की त्याहून ताकदीचं एफ-१००. सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. रात्रीचं एक फीड चुकलं तर रक्तातली साखर उतरू शकते, आणि ५४ मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या खालची साखर व थंड पडलेलं अंग या दोन गोष्टी मूल नेतात. सूज असलेल्या मुलाचं वजन पहिल्या दिवसांत घटेल, ते पाणी उतरतंय, घाबरू नका. लोह या टप्प्यात नाही. आईला रागावू तर कधीच नका. ती मजुरी बुडवून, घरी दुसरं लेकरू सोडून आलेली असते. मूल खेळायला लागलं, रडून हट्ट करायला लागलं, की तिला ते सांगा, कारण सुधारणा तिला वजनाच्या आकड्यात दिसत नाही.

ताट कसं बांधायचं

धोक्याचे दिवस सरले की बहुतेक प्रौढांना किलोमागे ३० ते ३५ किलोकॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीनपर्यंत न्यायचं असतं. भूक मेलेला माणूस ताट मोठं केल्याने जेवत नाही. घास तेवढाच ठेवून त्यात जास्त भरा. वरणात चमचाभर तेल घातलं की ४५ किलोकॅलरी वाढल्या. दुधात दूध पावडर, भाजीत फल्लीदाण्यांचा कूट, भाकरीऐवजी दुधात मऊ केलेली पोळी, उकडलेलं अंडं (एकात सहा-सात ग्रॅम प्रोटीन), फुटाण्यांचं पीठ आणि गूळ कालवून केलेला लाडू. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रोटीन असतं. गरिबाघरी एवढं ताकदीचं आणि परवडणारं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. महागड्या पावडरचा डबा लिहून देण्याआधी हे सगळं संपवा. तो डबा घेण्यासाठी घरची तूरडाळ बंद झालेली मी पाहिली आहे.

खर्ऱ्याने तोंड आवळलेल्यांना तिखट, आंबट, गरम वर्ज्य. पातळ खिचडी घोटून, सातूचं सरबत, आंबट नसलेला मठ्ठा, कस्टर्ड. सिरॉसिसच्या रुग्णाचं प्रोटीन बंद करायची जुनी सवय अजून दिसते. तसं करू नका, उलट झोपण्याआधी काहीतरी खायला ठेवा, रात्रभराच्या उपासात त्याचे स्नायू झिजतात. सिकलसेलमध्ये पाणी भरपूर, फॉलिक अ‍ॅसिडची आठवण, आणि तपासणीशिवाय लोह नाही.

रायल्स ट्यूबवर (नाकातून पोटात घातलेल्या नळीवर) असलेल्याला खाटेचं डोकं ३० ते ४५ अंश वर, फीडच्या आधी-नंतर पाणी सोडून नळी साफ, आणि किचनचं फीड बारीक चाळणीतून गाळलेलं. नागपूरचा उन्हाळा ध्यानात ठेवा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, वॉर्डातलं तापमान असं असतं, की दुधाचं फीड टेबलावर दोन तास राहिलं तरी त्याचा भरवसा नाही. थोडं-थोडं मागवा, उरलेलं टाकून द्या.

पोटात काय गेलं ते मोजा

तक्ता लिहून झाला की अर्धंच काम झालं. जेवणाच्या वेळी वॉर्डात हजर राहा. सकाळच्या राउंडमध्ये जे दिसत नाही ते दुपारी दिसतं: सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलेला रुग्ण दोन वाजता परत येतो तोवर ताट गेलेलं असतं, लकवा झालेल्या आजोबांचं ताट उजव्या बाजूला ठेवलेलं असतं आणि उजवा हातच चालत नाही, दात नसलेल्या आजींना कडक पोळी मिळते. प्रत्येक ताटापुढे पाऊण, अर्धं, पाव, काहीच नाही, असं लिहा. तीन दिवसांत चित्र स्पष्ट होतं.

क्षयाच्या एका बाईंचं वजन काही केल्या वाढत नव्हतं. रोजचं अंडं तर जात होतं, ताट रिकामं. दुपारी त्यांच्या खाटेशी बसले तेव्हा कळलं, अंडं रुमालात बांधून त्या खाली थांबलेल्या मुलासाठी ठेवत होत्या. त्यांना ‘तुम्हीच खा’ सांगून काय उपयोग होता? समाजसेवा अधीक्षकांकडे गेले, त्यांनी मुलाच्या जेवणाची सोय लावली. त्यानंतर त्या स्वतः खाऊ लागल्या. असे प्रसंग तुमच्याही वाट्याला येतील. वॉर्डातले समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात ते पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा.

काही रुग्ण जातील. तुम्ही सगळं बरोबर केलंत तरी जातील. त्या दिवशी सोबतच्या इंटर्नशी, आपल्या मॅडमशी बोला, थोडा वेळ घ्या. मग पुढच्या खाटेकडे जा, तिथेही दुपारचं ताट आलेलं असतं.

नोंद

दोन ओळी, तारीख, वेळ, सही. वजन, कालचं प्रत्यक्ष सेवन गरजेच्या किती टक्के, अडथळा काय, आज काय बदललं. ‘हाय प्रोटीन डाएट दिला’ एवढंच लिहिलेली नोंद कोणाच्याच कामाची नसते.

घरी सोडताना

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, म्हणून दोन दिवस आधीच बोलणी सुरू करा. घरी चूल की गॅस, रांधतं कोण, रेशनकार्ड कोणतं. अंत्योदय असेल तर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य, प्राधान्य गटात माणशी ५ किलो; आहार त्या धान्याभोवती रचा. क्षयाच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला पैसे मिळतात, २०१८पासून ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४पासून १,००० झाले. बँक खातं जोडलंय का, हे विचारा. पुष्कळांचं अडतं ते तिथेच. मूल असेल तर अंगणवाडीसेविकेचं आणि आशाताईंचं नाव आईकडून घ्या, चिठ्ठीवर मुलाचं वजन आणि दंडाचा घेर लिहून द्या.

कागदावर ग्रॅम लिहू नका. मूठभर फल्लीदाणे, चहाचा कप भरून दूध, दोन वाट्या घट्ट वरण, असं लिहा. वाचता येत नसेल तर चित्र काढा. मग तुम्ही गप्प बसा आणि त्यांनाच विचारा, ‘आता घरी गेल्यावर उद्या सकाळपासून काय काय कराल, ते मला सांगा.’ जिथे अडखळतील तिथे तक्ता त्यांच्या घराशी जुळलेला नाही, तेवढा भाग तिथेच बदलून द्या. ओपीडीची पुढची तारीख चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि त्या दिवशी डॉक्टरांआधी वजनकाट्यापाशी यायला सांगा.